नळाला पाणी पहाटे पावणेचारला, आणि ॲपवर तक्रार 'निकाली'

वरची_आळी

मंडळी, आमचं गाव तालुक्याचं. 'क' वर्ग नगरपरिषद, एक एसटी स्टँड, दोन कॉलेजं, तीन मंगल कार्यालयं. (कार्यालयांना पाणी कधी कमी पडत नाही, पण तो वेगळा धागा होईल.) सासूबाई एकट्या होत्या म्हणून मागच्या वर्षी आम्ही पुण्याहून इथे येऊन राहिलो.

पाणी दिवसाआड, पहाटे पावणेचारला, पस्तीस मिनिटं. त्यातली पहिली दहा मिनिटं पाण्याला गटाराचा वास येतो आणि रंग फिक्या चहासारखा असतो. सासूबाई पहिल्या चार बादल्या संडासाला आणि झाडांना काढून ठेवतात. पाचवीत वाकून वास घेतात आणि मगच पिंपात नळी सोडतात. इतक्या सवयीने करतात की त्यांना ही तक्रारीची गोष्टच वाटत नाही.

मला वाटली. ॲपवर फोटो, पत्ता, सगळं टाकलं. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' सोबत फोटो. त्यात एक नळ, स्वच्छ धार, मागे हिरवा दरवाजा आणि त्यावर प्लास्टिकच्या आंब्याच्या पानांचं तोरण. आमचा दरवाजा निळा आहे. आळीत हिरवा दरवाजा कुणाचाच नाही, मी फिरून बघून आले. पुन्हा तक्रार केली, पुन्हा निकाली. फोटो तोच.

तर प्रश्न हा की, लहान गावात तक्रार नेमकी कुठे केली म्हणजे ती कुणा जिवंत माणसाच्या हाती पडते? ॲप, लेखी अर्ज, नगरसेवक, मुख्याधिकारी, की थेट व्हॉल्व्हमन? तुमचे अनुभव सांगा. 'पुण्याला परत जा' हे सासऱ्यांच्या भावाने सांगून झालंय.

नळदमयंती

दरवाजा हिरवा रंगवून घ्या, तक्रार खरोखरच निकाली निघेल. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

आमच्याकडे खांबावरचा दिवा बंद म्हणून मी तक्रार केली होती. भर दुपारी काढलेला खांबाचा फोटो टाकून बंद केली. नंतर खरंच कुणीतरी येऊन काहीतरी केलं. आता तो दिवा दिवसा चालू असतो आणि रात्री बंद. टायमर उलटा बसलाय.

कडू_कारलं

काही होत नाही. बोअर मारा, आरओ बसवा, गप्प बसा. आमच्या बाबांनी १९८७ पासून अर्ज केले. फाईल आहे माझ्याकडे, जाड. तिच्यावर आता लॅपटॉप ठेवतो, मानेला बरं पडतं.

तांबडा_पांढरा

ताई, एवढं कशाला? व्हॉल्व्हमनला गाठा. आमच्याकडं गावात आमदार कोण हे पोरास्नी ठाऊक नसतंय, पण व्हॉल्व्ह सोडायला कोण येतंय हे दुधपित्या पोरालाबी म्हाईत. हातात ती टी-आकाराची लांब किल्ली आणि सायकल. किती आटे फिरवायचे ते त्याच्या मनगटाला ठाऊक, कागदावर कुठं लिवलेलं नसतंय. एक आटा कमी फिरवला की खालच्या गल्लीत बोंब. त्याला च्या पाजा, घरातलं बरं-वाईट इचारा. पैशाचं म्हणत न्हाई मी. माणूस माणसाला ओळखतंय एवढंच.

कडू_कारलं

@तांबडा_पांढरा, म्हणजे तुमच्या गल्लीत एक आटा जास्त आणि खालच्या गल्लीत एक कमी. चहा कुणी पाजला यावर पाणी ठरणार असेल तर नगरपरिषद हवी कशाला?

तांबडा_पांढरा

बरोबर हाय तुमचं. पण तोवर आंघोळ तर झाली आमची.

सागरगोटा

वाचतेय. आमच्याकडे कोकणात प्रश्न उलटा. पाऊस धो धो आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीत कळशी आपटते.

बारनिशी

मी एका नगरपरिषदेत एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली नऊ वर्षं आवक-जावकला होतो, म्हणून हे नाव घेतलंय. बारनिशी म्हणजे आलेला प्रत्येक कागद जिथे नोंदला जातो ती वही. आतली बाजू सांगतो, पटली तर घ्या.

तुमचा कागद आला की त्याला नंबर पडतो. मग तो मुख्याधिकाऱ्यांपुढे जातो, ते कोपऱ्यात खात्याचं नाव लिहून सही करतात. याला आम्ही मार्किंग म्हणायचो. इथेच निम्मे अर्ज मरतात. लोक एका अर्जात नळाचं गढूळ पाणी, तुंबलेलं गटार, मोकाट कुत्री आणि शेजाऱ्याचं अतिक्रमण असं सगळं लिहितात. मार्किंग एकाच खात्याला होतं, बहुधा पहिल्या ओळीत जे असेल त्याला. पाणीपुरवठ्यावाला म्हणतो गटार माझं नाही, आरोग्यवाला म्हणतो मला कागदच आला नाही. म्हणून एका अर्जात एकच विषय लिहा. वर मालमत्ता क्रमांक आणि नळजोडणीचा ग्राहक क्रमांक टाका. दोन प्रती न्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'राहू द्या, देतो मी साहेबांना' म्हणणाऱ्या शिपायाच्या हातात कागद देऊ नका. माणूस चांगला असतो, पण त्याच्या खिशातून कागद धोब्याकडे गेल्याचं मी पाहिलंय.

दुसरं ॲपचं. स्वच्छ सर्वेक्षणात तक्रारी किती निपटल्या यालाही महत्त्व आलं. त्यामुळे तक्रार उघडी राहू नये याचा धाक जास्त आणि नळाला काय येतंय याचा कमी. ऑपरेटर पोरगा कंत्राटी असतो. त्याला वरून सांगतात की संध्याकाळपर्यंत शून्य दाखव. तो दाखवतो.

तिसरं. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. त्यात जन्म-मृत्यू दाखला, मालमत्ता उतारा, नवी नळजोडणी अशा अधिसूचित सेवा येतात. मुदत चुकली तर अपील आहे आणि कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. 'पाणी घाण येतं' ही त्या अर्थाने सेवा नाही, तक्रार आहे. लोक दोन्हीची गल्लत करतात आणि भलत्या दारात उभे राहतात. तक्रारीसाठी राज्याच्या 'आपले सरकार'वर वेगळी खिडकी आहे, २१ कामकाजाचे दिवस. तिथली तक्रार जिल्ह्यावरून खाली येते, म्हणून तिला थोडं वजन असतं.

नळदमयंती

बारनिशीकाका, प्रतिसाद छापून फ्रिजवर लावतेय. धोब्याकडे गेलेल्या अर्जाचं पुढे काय झालं?

बारनिशी

इस्त्री होऊन आला. शाई पसरली होती. नवा लिहून घेतला.

ओहायोकर

इकडे आमच्या छोट्या शहरात कौन्सिलची बैठक असते, कुणीही उठून माइकवर तीन मिनिटं बोलू शकतो. मी एकदा कचऱ्याच्या डब्यांवर बोललो. तीन मिनिटं संपली की घंटा वाजते. सगळे ऐकतात, 'थँक यू' म्हणतात, आणि डबे तिथेच. पण पाइप फुटला की पाणी उकळून प्या अशी नोटीस मात्र लगेच येते. आणि इकडेही सगळं आलबेल नाही. मिशिगनमधल्या फ्लिंटला २०१४ मध्ये पैसे वाचवायला पाण्याचा स्रोत बदलला, पाण्यात पाइपांचं शिसं उतरलं, आणि लोक बाटल्या घेऊन सभेत दाखवत होते तरी कित्येक महिने 'पाणी सुरक्षित आहे' हेच उत्तर मिळत होतं.

कडू_कारलं

म्हणजे हिरवा दरवाजा तिकडेही आहे.

फेरूल

मी पाण्याच्या लायनींची कामं करतो. तक्रार कुठे करायची हे नंतर. आधी वास कुठून येतो ते बघा, नाहीतर नगरपरिषद येऊन भलताच खड्डा मारून जाईल.

लायनीत चोवीस तास पाणी असेल तर आतला दाब सतत बाहेर ढकलत असतो. पाइपला चीर पडली तरी पाणी बाहेर गळतं, घाण आत शिरत नाही. तुमच्याकडे दिवसाआड पस्तीस मिनिटं. म्हणजे उरलेले सत्तेचाळीस तास पाइप रिकामा. पाणी उतरून जाताना आत पोकळी होते आणि ती पोकळी जवळ जे असेल ते ओढते. जवळ असतं गटार. पुढच्या खेपेला पाणी सुटलं की आधी ते आत आलेलं बाहेर येतं. तुमच्या सासूबाईंच्या चार बादल्या म्हणजे तेच.

बहुतेक जुन्या आळ्यांत मुख्य लायनीपासून घरापर्यंतचा अर्धा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गटारातूनच आणलेला असतो. रस्ता फोडायचा खर्च वाचतो. पंधरा-वीस वर्षांत तो चाळणी होतो. मुख्य लायनीला भोक पाडून बसवलेला पितळी तुकडा म्हणजे फेरूल, तिथून पुढचा पाइप ग्राहकाचा धरतात. त्यामुळे आधी ठरवा, तुमच्या एकट्याकडे वास येतो का सगळ्यांकडे. एकट्याकडे असेल तर खर्च तुमचा. ओळीने सगळ्यांकडे असेल तर मुख्य लायन, मग त्यांचा. पाणी सुटलं की व्हॉल्व्हच्या बाजूने सुरू करून घरोघर पहिल्या मिनिटाचं पाणी ग्लासात घ्या आणि पुढे पुढे जा. ज्या घरापासून वास सुरू होतो, फॉल्ट त्याच्या आणि त्याच्या आधीच्या घराच्या मध्ये.

आणि एक विचारतो, राग मानू नका. तुमच्याकडे मोटार आहे का?

वरची_आळी

...आहे. अर्ध्या एचपीची. सासऱ्यांनी बसवली होती. मोटारीशिवाय वरच्या टाकीत पाणी चढतच नाही.

फेरूल

वाटलंच. तुमच्या आळीत सगळ्यांकडे असेल. दहा मोटारी एकदम लागल्या की लायनीला तोंड लावून उसाच्या रसासारखं ओढतात. पाण्याबरोबर गटारही. शेवटच्या घराला फक्त फुस्स.

नळदमयंती

धाग्याला कलाटणी! पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

सागरगोटा

आमच्या मावशीच्या गावात पाणी सुटायच्या वेळेत त्या भागाची वीज बंद ठेवत. मोटारींवर रामबाण. मग एकाने इन्व्हर्टर घेतला.

गल्ली_नं_४

मोटार लावणाऱ्यांची जोडणी तोडून टाका, सरळ. आम्ही आळीच्या शेवटी राहतो. आईने सात वर्षं करंगळीएवढ्या धारेखाली कळशी धरली आहे. वरच्या घरांना वास येतो म्हणून रडू येतं, आम्हाला वास यायलासुद्धा पाणी यावं लागतं.

वरची_आळी

@गल्ली_नं_४, तुमचं वाचून खरंच ओशाळल्यासारखं झालं. उगाच समर्थन करत नाही.

माजी_सदस्य

मी पाच वर्षं नगरसेवक होतो, आता नाही. इथे शिव्या खायच्या तयारीने लिहितोय.

पहाटे चारला फोन यायचा, 'साहेब, पाणी आलं नाही.' मी अंथरुणातून व्हॉल्व्हमनला फोन लावायचो. तो म्हणायचा, पंपावर लाइट नाही. मी परत फोन करून तेच सांगायचो. माझी भूमिका इथे निरोप्याची. कायद्याने आम्हाला एका सफाई कामगारालाही हुकूम देता येत नाही, प्रशासन मुख्याधिकाऱ्यांचं. आम्ही सभेत विषय मांडू शकतो, ठराव करू शकतो. माझ्या वॉर्डात नवी लाइन टाकायचा ठराव मंजूर झाला होता. विरोधी गटातल्या एकाने १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे नेला, ठरावाला स्थगिती मिळाली. ती उठेपर्यंत माझी मुदत संपली. लोकांनी मला विचारलं, पाइप कुठंय?

मधल्या काळात बऱ्याच गावांत प्रशासकच होते, निवडणुका रखडल्या त्या थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. प्रशासकाच्या काळात कित्येकांनी मला सांगितलं की शिव्या द्यायला तरी कुणीतरी हवा होता.

कडू_कारलं

आम्ही कर भरतो, साहेब. कलम माहीत नाही, पण पाणी देणं हे नगरपरिषदेचं काम आहे एवढं कळतं.

बारनिशी

कलम ४९. पाणी, दिवाबत्ती, सफाई ही आवश्यक कर्तव्यांत आहेत, मर्जीवर नाहीत. तुमचं बरोबर आहे.

पण कराचं एकदा पावतीवर बघा. त्यातला शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे शासनाचे, नगरपरिषद फक्त गोळा करून पुढे पाठवते. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली. आमच्या नाक्यावर बसणारी माणसं दुसऱ्या दिवशी कार्यालयात येऊन बाकावर बसली, काय करायचं कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हापासून पगार शासनाच्या सहायक अनुदानावर. पाणीपट्टी वर्षाला ठोक रक्कम, तुम्ही एक कळशी भरा नाहीतर बंगल्यातली बाग भिजवा. जॅकवेलच्या (नदी-धरणातून पाणी उपसायच्या विहिरीच्या) पंपाचं वीजबिल त्यातून निघत नाही. मार्चमध्ये वसुलीला गेलो की लोक म्हणायचे, आधी पाणी द्या. पाणीपुरवठा खातं म्हणायचं, आधी वसुली आणा. मी मध्ये पावती पुस्तक घेऊन उभा.

थकबाकीवर महिना दोन टक्के शास्ती लागते हेही लोकांना नोटीस आल्यावर कळतं.

नळदमयंती

आमच्या पावतीवर वृक्ष कर आहे. आळीत एक पिंपळ होता, तो रस्तारुंदीत गेला. कर राहिला.

सागरगोटा

लहान नगरपरिषद म्हणजे काहीच होत नाही असंही नाही हं. वेंगुर्ल्याला कचरा डेपो लोक सहल काढून बघायला येतात, अक्षरशः. घराघरातून कचरा वेगळा करून घेतात, त्यातून खत, गॅस. माझी मावसबहीण नवऱ्याला घेऊन लग्नानंतर तिथे गेली होती. हनिमूनला नाही, पण जवळपास.

तांबडा_पांढरा

आणि कऱ्हाडजवळचं मलकापूर इसरू नका. चोवीस तास पाणी, मीटर लावून. जास्त वापर तसा दर चढत जातोय. आमच्या पाव्हण्यांच्यात गेलो तर पिंप न्हाई, हंडा न्हाई, न्हाणीघर मोकळं. मला आधी वाटलं ह्यांच्याकडं पाणीच न्हाई.

गल्ली_नं_४

मीटरला आमच्याकडे सगळ्यात मोठा विरोध मोटारवाल्यांचाच झाला होता.

मनमाडची_सून

साठवणीवरून आठवलं. माझं सासर मनमाड. पंधरा-वीस दिवसांनी पाणी यायचं असे उन्हाळे काढलेत. मुलगी बघायला आले तेव्हा आमच्या आईने घर बघितलं नाही, टाकी किती लिटरची ते विचारलं. सोनं-नाणं नंतर.

तांब्याच्या घागरीतलं पाणी तीन दिवस टिकतं का यावर कुणाला माहिती आहे? सासूबाई म्हणतात टिकतं.

फेरूल

घागर कुठलीही असो, झाका, आणि पाणी ओगराळ्याने घ्या, हात बुडवू नका. बाकी तांब्याचा वाद इथे सुरू झाला तर धागा हातचा गेला.

नळदमयंती

गेलाच समजा. आमच्याकडे पितळेचा हंडा आहे आणि मी चिंचेने घासते.

*(तांबे, पितळ, कल्हई, चिंच विरुद्ध पितांबरी यावर मधले एकवीस प्रतिसाद संपादकांनी वेगळ्या धाग्यात हलवले आहेत.)*

डॉक्टरीण

इतका वेळ कुणी तब्येतीवर बोललं नाही म्हणून. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती ती पाण्यातूनच. वास येणारं पाणी गरोदर बाईने पिणं फार धोक्याचं, काविळीचा हा प्रकार तिच्या जिवावर बेततो. धागाकर्तीने तोपर्यंत पाणी खळखळून उकळावं. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. लोक तुरटी फिरवून निश्चिंत होतात.

घरी बघायचं तर दोन गोष्टी. ओटीचे (ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे) थेंब टाकले की पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो, शेवटच्या नळालाही निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर उरलेला हवा. आणि जंतूंसाठी एचटूएस कुपी मिळते. पाणी भरून एक-दोन दिवस तशीच ठेवायची, काळी पडली तर दूषित.

बारनिशी

डॉक्टरीणबाईंचं बरोबर. आणि ओटीची रोजची नोंदवही पाणीपुरवठा खात्यात असते. असायला हवी. माहिती अधिकारात 'पाणी घाण का येतं' असं विचारू नका, 'का'ला उत्तर देणं बंधनकारक नाही. 'अमुक महिन्याच्या ओटी नोंदवहीची आणि व्हॉल्व्ह सोडण्याच्या नोंदवहीची प्रत द्या' असं मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवस. त्याहून सोपं म्हणजे २०१८ च्या शासन आदेशाप्रमाणे सोमवारी दुपारी ३ ते ५ कार्यालयातल्या फायली नागरिकांना बघता येतात. फार कमी लोक येतात. एक गृहस्थ यायचे आमच्याकडे, डबा घेऊन. ते आले की सगळं खातं टेबलं आवरायला लागायचं.

वरची_आळी

आठवड्याने येतेय, बरंच घडलंय.

फेरूलदादांनी सांगितलं तसं केलं. पहाटे साडेतीनला मी, नवरा आणि समोरच्या घरातली कॉलेजची मुलगी, तिघं जण. दोन टॉर्च, सोळा स्टीलचे ग्लास, आणि ग्लासांना चिकटवायला सासूबाईंनी पेन्सिलीने आकडे घातलेल्या कागदाच्या पट्ट्या. आदल्या संध्याकाळी दारोदार सांगून आलो होतो की उद्या पहिली दहा मिनिटं मोटार लावू नका. सोळातल्या अकरांनी ऐकलं. आम्ही धरून.

पहिल्या घरी वास नाही, दुसऱ्या घरी नाही. पाचव्या घरच्या आजींनी ग्लास हातात घेऊन विचारलं, 'यात काय टाकणार?' म्हटलं काही नाही, वास घ्या. त्यांनी वास घेतला आणि पिऊन टाकलं. सहाव्या घरीही चांगलं. सातव्या घरी ग्लास नाकाजवळ नेला आणि त्या मुलीला उमासा आला. सातपासून सोळापर्यंत सगळीकडे तेच. आम्ही अकरावे.

सहा आणि सात यांच्या मध्ये रस्त्याखालून जाणारी गटाराची मोरी आहे. दिवाळीच्या आधी तिथे कुठल्या तरी केबलसाठी खोदलं होतं आणि माती लोटून निघून गेले होते.

बारनिशीकाकांच्या पद्धतीने अर्ज लिहिला. एकच विषय, सोबत सोळा घरांची आकृती, सातव्यापासून लाल शाई, दहा घरांच्या सह्या. पोच घेतली. मुख्याधिकारी जागेवर होत्या. त्यांनी आकृती फिरवून फिरवून पाहिली आणि विचारलं, 'हे कुणी करायला सांगितलं?' इथल्या लोकांनी, असं सांगता येईना. अभियंत्याला बोलावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी माणसं आली. मोरीजवळ तीन फुटांवर जुना एसी (ॲस्बेस्टॉस सिमेंटचा) पाइप निघाला, केबलवाल्यांच्या पहारीने सांध्याजवळ तडकलेला आणि त्यात काळा गाळ. कापून नवा तुकडा आणि लोखंडी जोड बसवला. दुपारी चारपर्यंत काम झालं.

आता हिरवा दरवाजा. व्हॉल्व्हमनदादा खड्ड्याच्या कडेला चहा पीत होते. (@तांबडा_पांढरा, हो, चहा.) मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी पाहिला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, 'हा आमच्या घरचा नळ.' ऑफिसातून फोन येतो, चांगल्या पाण्याचा फोटो पाठव म्हणून. आता पहाटे व्हॉल्व्ह सोडल्यावर ते दिवसा पाणी कुठून दाखवणार? त्यांच्या घराला टाकीवरून जोडणी आहे, तिथे दिवसाही धार असते. 'गावात सगळ्या तक्रारींना हाच फोटो आहे ताई, तुमच्या एकट्याला नाही.'

नळदमयंती

मी खुर्चीवरून पडले. तोरण बदलायला सांगा, निदान दसऱ्याला.

कडू_कारलं

अभिनंदन. मनापासून. पण नोंद घ्या, पाइप तुम्ही शोधला. तीही पगार न घेता, पहाटे साडेतीनला. आणि माती लोटून गेलेल्या केबलवाल्याचं काय?

माजी_सदस्य

केबलवाल्याने खोदाईची परवानगी घेतली असेल तर रस्ता पूर्ववत करण्याची रक्कम भरलेली असते. ती फाईल बांधकाम विभागात. @वरची_आळी, पुढचा अर्ज त्यावर करा. आणि तो वेगळा अर्ज, याच कागदात घुसवू नका.

बारनिशी

शिकले सदस्य.

गल्ली_नं_४

ज्या पाच घरांनी त्या दिवशी मोटार बंद केली नाही, त्यांचं काय ठरलं?

वरची_आळी

तिघांनी आता कबूल केलंय, पहिली पंधरा मिनिटं लावणार नाही. दोघे म्हणतात आधी इतरांचं बघू. त्यातले एक आमचे चुलत सासरे. आम्ही स्वतः मोटार खालच्या टाकीवर हलवली, आधी नळाने खाली भरतो, मग तिथून वर चढवतो. लायनीला तोंड नाही. चार हजार गेले, पिंप ठेवायची जागाही गेली, सासूबाई अजून फुगलेल्या आहेत.

सोळाव्या घरी काल धार करंगळीची अंगठ्याएवढी झाली. त्यांनी बोलावून दाखवली.

फेरूल

नव्या तुकड्यातून पहिले काही दिवस माती येईल. कुपी लावली का?

वरची_आळी

लावली. दोन लावल्या. एक आमच्या नळाची, एक सोळाव्या घराची. देवघराशेजारी कोनाड्यात ठेवल्यात, सासूबाई पूजेला बसल्या की आधी त्यांच्याकडे बघतात. छत्तीस तास झाले, आमची अजून पिवळसरच आहे. सोळाव्या घराची तळाशी जरा काळपट वाटतेय, पण कोनाड्यात उजेड कमी आहे. उद्या सकाळी उन्हात धरून सांगते.

आणि आत्ताच ॲपचा मेसेज आला. 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कृपया अभिप्राय द्या.' ही तिसरी, मी केलेलीच नव्हती.

नळदमयंती

फोटो?

वरची_आळी

हिरवा दरवाजा. तोरण नाहीये या वेळी.